लेबल झाका, मग बोला: वाइन टेस्टिंगचा वीकेंड कसा आखावा

परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये नाटकवाल्यांचा, ट्रेकवाल्यांचा आणि ढोलताशावाल्यांचा ग्रुप असतो, तसा हल्ली वाइनवाल्यांचाही एक असतो. चार-पाच जोडपी, वर्षातून एखादा लांब वीकेंड, कोणाचं तरी मोठं घर आणि प्रत्येकाने आणलेली एक ‘भारी’ बाटली. अशा जेवणांत बहुतेक वेळा बाटलीची किंमत आधी कळते आणि चव नंतर. जो सगळ्यात जास्त वाचून आलेला असतो तो पहिला बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. ‘मला यात काहीच वेगळं लागत नाही’ असं म्हणायची ज्याची इच्छा असते, तो गप्प बसतो.

तुम्ही असा वीकेंड ठरवत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोणती वाइन चांगली हे मी सांगणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही जी साधी शिस्त पाळतो ती डायनिंग टेबलवर आणली, तर तुमची जीभ आणि नाक तुम्हाला खरं काय सांगतात ते कसं कळेल, एवढंच सांगणार आहे. कोणतंही उपकरण वापरण्याआधी आम्ही त्याची अचूकता तपासतो. इथे उपकरण म्हणजे तुम्ही स्वतः.

डोळे आणि किंमत चवीत कशी शिरतात

२००१ साली बोर्दो विद्यापीठातल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना आधी एक व्हाइट आणि एक रेड वाइन देऊन वासांचं वर्णन लिहायला सांगितलं. नंतरच्या बैठकीत तीच व्हाइट वाइन दोन ग्लासांत दिली, मात्र एका ग्लासात वास नसलेला लाल रंग मिसळलेला होता. विद्यार्थ्यांनी त्या ‘लाल’ व्हाइट वाइनसाठी रेड वाइनचेच शब्द वापरले. हे नवशिके नव्हते, याच विषयाचे विद्यार्थी होते. डोळ्यांनी दिलेली माहिती मेंदूने नाकाच्या माहितीत बेमालूम मिसळली होती.

२००८ साली कॅलिफोर्नियात २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाइन देण्यात आली. एकच वाइन कधी १० डॉलरची म्हणून, तर कधी ९० डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडली आणि आनंदाच्या अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या एका भागात हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ‘महाग आहे म्हणून छान लागते’ हे निव्वळ सोंग नसतं, तसं खरंच जाणवतं. म्हणूनच ‘मी किंमतीने फसत नाही’ असं ठरवून काही उपयोग होत नाही. किंमत झाकावीच लागते.

तिसरं उदाहरण परीक्षकांचं. रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त संख्याशास्त्रज्ञ आणि स्वतः वाइन बनवणारे. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी अनुभवी परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन वेगवेगळ्या क्रमांकांखाली तीनदा ठेवली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एकच निघाले. आपला शनिवारचा प्रयोग याच युक्तीवर उभा आहे.

शुक्रवार संध्याकाळ: नाकाची तालीम

पहिल्या संध्याकाळी बाटली उघडूच नका. लोक प्रवासातून दमून आलेले असतात. त्या दिवशी सराव करायचा, आणि तो मुलांनाही करता येतो.

आधी बडीशेप घ्या. नाक घट्ट चिमटीत धरून चिमूटभर चावा. थोडं गोडसर काहीतरी लागेल. आता नाक सोडा, बडीशेप एकदम ‘उमलेल’. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग घशामागून नाकात वर जाणारा वास असतो. वाइनचा घोट तोंडात घोळवतात तो याच वाटेसाठी.

मग आठ-दहा छोट्या वाट्या ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि फॉइलला भोकं पाडा. वाट्यांत ठेवा ताजी कुटलेली मिरी, लवंग, व्हॅनिला, चिरलेली ढोबळी मिरची, लोणी, लिंबाची साल, गुलाबपाणी. प्रत्येकाने वास घेऊन नाव लिहायचं. ओळखीचा वास, पण नाव आठवत नाही, असा अनुभव बहुतेकांना येईल. तो स्मृतिभ्रंश नाही. वास आणि शब्द यांची मेंदूतली जोडणी मुळातच सैल असते आणि ती सरावाने घट्ट होते.

या वाट्या वाइनशी थेट जोडलेल्या आहेत. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी मिथॉक्सिपायरॅझिन गटातली संयुगं काबर्ने सोव्हिन्यों आणि सोव्हिन्यों ब्लां द्राक्षांतही असतात. लोण्यासारखा वास देणारं डायअसेटिल काही शार्डनेंमध्ये सापडतं. लवंगेतलं युजेनॉल आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन ओकच्या पिंपातून वाइनमध्ये उतरतं. मिरीचा वास तर सगळ्यात मजेदार. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेने दाखवलं की शिराझमधला मिरीसारखा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, आणि हाच रेणू आपल्या काळ्या मिरीतही असतो. एक लिटर रेड वाइनमध्ये साधारण १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावा इतका, असला तरी पुरतो. मात्र त्या चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना तो भरपूर प्रमाणातही जाणवला नाही. म्हणजे तुमच्या टेबलवर आठ जण असतील, तर त्यांतल्या एक-दोघांना शिराझमधली मिरी कधीच लागणार नाही. त्यांना ‘अजून सराव कर’ असं सांगण्यात अर्थ नाही, त्यांचं नाकच वेगळं आहे.

शेवटची तालीम तुरटपणाची. आपल्या षड्रसांत तुरट ही चव आहे. प्रयोगशाळेत मात्र ती बहुतांशी स्पर्श म्हणून मोजली जाते. चहातली आणि द्राक्षाच्या साली-बियांतली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतात. लाळेचं वंगण कमी होतं आणि जीभ टाळूवर खरखरते. दोन कप कडक बिनसाखरेचा चहा करा, एक कोरा आणि एक दूध घालून. दुधातलं केसीन टॅनिन्सना आधीच धरून ठेवतं, म्हणून दुसरा कप मऊ लागतो. रविवारी जेवताना हे उपयोगी पडणार आहे.

शनिवार: सहा ग्लास, पाच बाटल्या

शनिवारसाठी एकच द्राक्ष निवडा. शिराझ घेतली तर शुक्रवारच्या मिरीचाही उपयोग होतो. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, ऑस्ट्रेलियाच्या बरोसातली, वॉशिंग्टन राज्यातली, दक्षिण आफ्रिकेतली, आणि तुमच्या भागात मिळत असेल तर नाशिकची. फ्रान्स आणि अमेरिकेत हिलाच सिरा म्हणतात. एखादी मुद्दाम स्वस्त घ्या. नाशिकची बाटली घेण्यामागे कौतुकापेक्षा कुतूहल जास्त आहे. माहेरच्या माणसाला आपण झुकतं माप देतो, की उलट ‘आपली म्हणजे कच्चीच असणार’ असं आधीच ठरवून बसतो? लेबल झाकलं की दोन्ही पूर्वग्रह एकदम बाजूला होतात.

लेबल झाकल्याने काय घडू शकतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २४ मे १९७६ चं. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन्स झाकून ठेवल्या. रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स आणि व्हाइटमध्ये शॅटो माँटेलेना, दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली आली. लेबलं दिसत असती तर हे घडलं असतं का, याचा विचार तुम्हीच करा.

तर आठ जणांसाठी मांडणी अशी करा:

१. एक सूत्रधार ठरवा. न पिणारी व्यक्ती यासाठी उत्तम. सूत्रधार बाटल्या उघडून कागदी पिशव्यांत किंवा जुन्या सुती मोज्यांत घालतो. दुसरी कोणी तरी व्यक्ती, जिने बाटल्या पाहिल्या नाहीत, त्या पिशव्या हलवून त्यांवर आकडे टाकते. म्हणजे वाढणाऱ्यालाही माहीत नसतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

२. आकडे तीन अंकी आणि वाटेल ते द्या, जसं ४१७, ८६२, २९५. ‘१’ किंवा ‘अ’ म्हटलं की तो ग्लास आधीच पहिल्या नंबरचा वाटू लागतो.

३. एका पिशवीला दोन आकडे द्या. म्हणजे एकच वाइन दोनदा येईल. असं काहीतरी आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या, कोणती ते नाही.

४. तीन-तीन ग्लासांच्या दोन फेऱ्या करा. दुहेरी वाइन प्रत्येक फेरीत एकदा यावी. अर्ध्या टेबलने डावीकडून सुरुवात करावी, अर्ध्याने उजवीकडून. टॅनिन्सचा तुरटपणा घोटागणिक साचत जातो, त्यामुळे शेवटच्या ग्लासवर अन्याय होतो. उलटसुलट क्रमाने तो वाटला जातो.

५. प्रत्येक ग्लासात ४० मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. ग्लास सारखे, पारदर्शक आणि वरच्या बाजूला निमुळते असावेत, म्हणजे वास आत कोंडतो.

६. वाइनचं तापमान १६ ते १८ अंश सेल्सियस ठेवा. हीटर लावलेल्या घरात ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे २१-२२ अंश, आणि त्या तापमानाला अल्कोहोलचा झणका बाकीच्या वासांना झाकतो. म्हणून बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. फार थंडही नको, गारठ्यात तुरटपणा आणि कडवटपणा जास्त बोचतो.

७. गुण लिहून होईपर्यंत स्वयंपाकघरात फोडणी नाही, उदबत्ती नाही, परफ्यूम नाही. अर्ध्या तासापूर्वी पान-सुपारी किंवा मिंटही नको. टेबलवर साधं पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड ठेवा.

८. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्याने ‘चेरी’ म्हटलं की बाकी सातांना चेरीच सापडते.

वाढण्यापूर्वी सूत्रधाराने प्रत्येक बाटलीचा वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअॅनिसोलने ती वाइन बिघडलेली असते. जपानी संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की हा रेणू नाकातल्या पेशींचे संकेतच दाबून टाकतो, म्हणून अशी वाइन कधीकधी घाण न वाटता नुसती मुकी वाटते. यासाठी एक बाटली जादा आणून ठेवा.

आकडेमोड: तुमची मोजपट्टी किती सरळ?

प्रत्येक ग्लासला दहापैकी गुण द्या. सगळ्या पिशव्या उघडण्याआधी फक्त दुहेरी वाइन कोणती ते जाहीर करा. आता प्रत्येकाने आपल्याच दोन गुणांतला फरक काढावा.

समजा, तुम्ही त्याच वाइनला एकदा ५ आणि एकदा ८ दिले. याचा अर्थ तुमच्या मोजपट्टीत ३ गुणांचा हेलकावा आहे. मग दुसऱ्या दोन वाइन्सना तुम्ही ६ आणि ७ दिले असतील, तर त्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही, तो हेलकाव्यात बुडालेला आहे. पण एकीला २ आणि एकीला ९ दिले असतील, तर ते मत गंभीरपणे घ्यायला हवं. कोणाचा फरक शून्य निघाला तर अभिनंदन जपून करा, एका जोडीत योगायोगही असू शकतो.

आता आठही जणांची सरासरी काढा. एकेकट्याचे हेलकावे काही वर, काही खाली असतात आणि सरासरीत बरेचसे एकमेकांना खोडतात. म्हणून टेबलचं एकत्र मत एकट्या ‘जाणकारा’च्या मतापेक्षा सहसा जास्त भरवशाचं असतं. मग पिशव्या काढा आणि आता बोला, हवं तितकं.

वेळ उरला तर एक छोटी चाचणी अजून करता येईल. ‘महाग आणि स्वस्त यांतला फरक मला नक्की कळतो’ असं म्हणणारे असतातच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या रोथमस्टेड संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल यांनी असाच दावा केला होता. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं, असा. त्यावरून रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांचा प्रयोग रचला आणि १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यातून प्रयोगरचनेचं तत्त्व मांडलं. आठातले चार कप नुसत्या अंदाजाने बरोबर निवडण्याची शक्यता ७० मध्ये १ असते.

वाइनसाठी याचं सोपं रूप म्हणजे तीन ग्लास, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता? अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. आठांपैकी पाच जणांना बरोबर आलं तरी फार खूश होऊ नका, नुसत्या नशिबाने पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ९ टक्के आहे. सहा जणांना आलं तर ती २ टक्क्यांवर उतरते, आणि मग म्हणता येतं की या दोन वाइन्समधला फरक तुमच्या टेबलला खरंच कळतो.

रविवार: जेवणासोबत

शनिवारच्या बाटल्यांत बरीच वाइन उरेल. बुचं लावून त्या फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी दुपारी वापरा. जोडीला एखादी किंचित गोड, कमी अल्कोहोलची, थंड रीस्लिंग आणा. पद्धत अशी: एक घोट, एक घास, पुन्हा एक घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कसा वेगळा लागला तेवढंच लिहायचं.

तांबड्या रश्श्यापासून सुरुवात करा. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या उष्णतेच्या संवेदकांना चेतवतं. एरवी हे संवेदक ४२ अंशांच्या आसपास ‘भाजलं’ असा संदेश देतात. अल्कोहोलमुळे ती मर्यादा सुमारे ३४ अंशांवर येते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. त्यामुळे १४-१५ टक्के अल्कोहोलची शिराझ रश्श्यासोबत आगीत तेल ओतते, तर ८-१० टक्क्यांची थंड, गोडसर रीस्लिंग सांभाळून घेते.

तळलेल्या सुरमईसोबत मात्र रेड घेऊन बघा आणि मग व्हाइट. रेडनंतर कधीकधी तोंडात एक हिवस, धातूसारखी चव रेंगाळते. जपानी संशोधकांनी २००९ साली याचं कारण शोधलं, ते म्हणजे वाइनमधलं लोह. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यासोबत माशाचा हा वास जास्त. रेडमध्ये ते व्हाइटपेक्षा अनेकदा जास्त असतं, पण प्रत्येक रेडमध्ये नाही, म्हणून हा नियम कधी लागू पडतो आणि कधी नाही.

पनीर किंवा चीजसोबत शिराझ मऊ होते. कालचा दुधाचा चहा आठवा. आणि शेवटी पुरणपोळी. गोडाने जीभ बधिरली की कोरडी वाइन नुसती आंबट लागते. गोडासोबत वाइन गोडाहून गोड हवी, नाहीतर सरळ दुधाची वाटी घ्या.

शाकाहारी मंडळी असतील तर एक गोष्ट बाटल्या घेतानाच तपासा. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशांपासून काढलेलं जिलेटिनसारखं द्रव्य वापरतात. ‘व्हीगन’ लिहिलेली बाटली घेतली की प्रश्न मिटतो. तारीख ठरवतानाही कालनिर्णय एकदा उघडा. श्रावण किंवा चतुर्थी आली तर निम्मं टेबल रिकामं राहील.

आग्रह नको

आपल्या पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचा भाग आहे. जिलबीच्या बाबतीत तो चालतो, अल्कोहोलच्या बाबतीत चालत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही. तेव्हा ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे कारण पुढे करू नका. आनंदासाठी पिताय, तर तसं म्हणा आणि मोजून प्या.

हिशोब सोपा आहे. शनिवारचे सहा ग्लास म्हणजे २४० मिलिलिटर. १४ टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यात साधारण २६ ग्रॅम अल्कोहोल येतं, म्हणजे ब्रिटनच्या मापाने सव्वातीन युनिट आणि अमेरिकेच्या मापाने जवळपास दोन ड्रिंक्स. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम हाताळतं, आणि कॉफी किंवा थंड शॉवर त्याचा वेग वाढवत नाही. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत रक्तात ०.०८ टक्के, स्कॉटलंडमध्ये ०.०५, अमिरातीत शून्य. यातले आकडे लक्षात ठेवण्यापेक्षा झोपायच्या गाद्या मोजा. जितक्या गाद्या, तितकेच पिणारे पाहुणे.

प्रत्येकाला एक अपारदर्शक कागदी कप द्या, थुंकण्यासाठी. व्यावसायिक चाखणारे हेच करतात, आणि बडीशेपेच्या प्रयोगात तुम्ही पाहिलंच की वासाचा रस्ता गिळल्यावर अवलंबून नाही. जी पीत नाही, जिची औषधं चालू आहेत, जी गरोदर आहे, किंवा ज्याला आज नुसतं नको आहे, त्या कोणालाही कारण विचारू नका. त्यांच्यासाठी सूत्रधाराची जागा आहे, वासाच्या वाट्या आहेत, आणि हिशोबाची वही आहे. खरं तर त्या टेबलवरची सगळ्यात विश्वासाची नोंद त्यांचीच असेल.

निमंत्रण पाठवताना बाटल्यांची यादी पाठवू नका. एवढंच लिहा: येताना एक मोजा आणा, स्वच्छ.